परसदारी मासे आणि पालक: सांगलीच्या पाण्यामातीत ॲक्वापोनिक्स

ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी पिकवणं, करायचं ठरलं की माणूस आधी मासे आणायला धावतो. आज टाकी भरली, पंप लावला, उद्या पन्नास बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडली, आणि आठवड्याभरात निम्मी उलटी तरंगायला लागली. मग "आपल्याकडं हे चालत नाही" म्हणून संच कोपऱ्यात जातो. चालतं की! फक्त क्रम चुकलेला असतो. पहिल्यांदा जिवाणू पाळायचे, ते जमले की मासे आणायचे, आणि भाजी किती लावायची हे मासे रोज किती खातात त्यावर ठरवायचं. एका टाकीचा, घरच्यापुरता संच या क्रमानं कसा उभा करायचा ते पुढं सांगतो.

मागचं शास्त्र थोडक्यात असं. मासा खाल्लेल्या प्रथिनांतलं नत्र अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. हा अमोनिया माशाला विषारी. खडीवर वाढणारे एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते माशाला फारसं बाधत नाही आणि पालकाला हवंच असतं. पंप माशांचं पाणी खडीच्या वाफ्यात चढवतो, वाफा ते गाळून परत टाकीत सोडतो. पाणी बदलायचं नसतं, बाष्पीभवनानं आणि झाडांनी ओढून जेवढं कमी होईल तेवढं वरून भरायचं.

जागा

वाफ्याला सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि टाकीला सावली, अशी जागा शोधा. शेवग्याखाली किंवा कडुनिंबाखाली टाकी ठेवू नका. पाला पडून कुजतो, शिवाय कडुनिंबाचा अंश पाण्यात उतरणं माशांच्या आणि जिवाणूंच्या, दोघांच्याही हिताचं नाही.

आपल्याकडची खरी अडचण काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खडी आणि पाणी धरून वाफ्याचं वजन सहाशे किलोच्या आसपास जातं. एवढं ओझं नुसत्या काळ्या मातीवर ठेवलं तर मे महिन्यात ते एका अंगाला कलतं. वाफा कलला की सायफन (वाफा आपोआप रिकामा करणारी पाइपची जोडणी) बिघडतो आणि दोष पंपाला दिला जातो. म्हणून जागेवरची फूटभर काळी माती काढा, मुरूम भरून पाणी मारत चोपा, वर फरशी किंवा सिमेंटचे ब्लॉक सपाट बसवा आणि लेव्हल ट्यूबनं चारही कोपरे तपासा. या कामाला एक रविवार लागतो, तो वाचवू नका.

गच्चीवर ठेवायचा मोह होईल. सातशे लिटर पाणी म्हणजे सातशे किलो, तेही जेमतेम सव्वा चौरस मीटरवर. घराचा साधा स्लॅब एवढ्या भारासाठी केलेला नसतो. इंजिनिअरला विचारल्याशिवाय वर चढवू नका.

पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे सांगलीत पोराटोरांना पाठ आहेत, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण पाहिलंय. पाणी अंगणात आलं की टाकीतले मासे थेट कृष्णेत जाणार. तुमचं घर त्या पट्ट्यात असेल तर परदेशी जातीचे मासे पाळूच नका. देशी पाळलेत तरी जुलै उजाडण्याआधी मोठे मासे काढून घ्या.

टाकी आणि वाफा

सगळ्यात सोयीची म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातली हजार लिटरची पांढरी प्लास्टिक टाकी. कुपवाड, मिरज एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्यांकडं ती मिळते. घेताना भाव नंतर करा, आधी तिच्यात काय होतं ते विचारा. काकवी, ग्लुकोज, खाद्यतेल असलं काही असेल तर चालेल. कीटकनाशक, रंग, थिनर किंवा ओळखू न येणारा वास असेल तर फुकट दिली तरी नको. लेबल खरवडून काढलेलं असेल तर सोडून द्या.

टाकी वरून फूटभर उंचीवर आडवी कापायची. वरचा तुकडा उलटा केला की झाला वाफा, खालचा सातशे लिटरचा भाग माशांसाठी. पिंजरा ग्राइंडरनं कापताना दोन्ही तुकड्यांच्या कडेला एकेक आडवी पट्टी राहील असं कापा, नाहीतर पाणी भरल्यावर प्लास्टिक पोटासारखं बाहेर येतं. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आत जातो आणि शेवाळ माजतं. बाहेरून काळा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. आतून काहीही लावू नका.

वाफा टाकीच्या मागं किंवा अर्धवट तिच्यावर येईल असा, भरीव सिमेंट ब्लॉकच्या खांबांवर बसवा. चार कोपऱ्यांना आधार पुरत नाही, मधोमधही एक खांब हवा. तळ टाकीच्या पाण्याहून वर असला की पाणी आपोआप खाली येतं आणि एकाच पंपावर काम भागतं.

जोडणीत तांब्याची किंवा पितळेची फिटिंग, जस्ताचा पत्रा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप यांतलं काहीही पाण्याला लागता कामा नये. तांबं आणि जस्त थोड्या प्रमाणातही माशांना मारक ठरतं. साधा पीव्हीसी उत्तम.

खडी

क्रशरची काळी खडी, अर्धा ते पाऊण इंची. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट, तो पाण्यात काही सोडत नाही. नदीतले गोटे किंवा कुठून तरी आणलेली पांढुरकी खडी मात्र तपासून घ्या. मूठभर खडीवर व्हिनेगर ओता, बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. अशा खडीनं पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, कायम चढा राहतो.

एका वाफ्याला साधारण ११ घनफूट खडी लागते, म्हणजे ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) नवव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा खडीसाठी क्रशरवर कोणी उभं करत नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तिथं चार शब्द गोड बोलून घमेल्यानं आणा. मग धुवा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, आणि नितळ आलं असं वाटलं की आणखी एकदा. खडीवरची भुकटी टाकीत उतरली तर गाळ होऊन पंपाची जाळी बुजवत राहते.

सायफन: इथं घाई नको

वाफा भरला पाहिजे आणि मग झटक्यात रिकामा झाला पाहिजे. भरताना मुळांना पाणी मिळतं, रिकामा होताना खडीच्या फटींत ताजी हवा ओढली जाते. जिवाणूंना आणि मुळांना हवेची गरज पाण्याइतकीच असते.

हे काम बेल सायफन विजेशिवाय करतो. वाफ्याच्या तळातून एक इंची पाइप उभा बसवा. तीस सेंटिमीटर खडी असेल तर पाइपची उंची पंचवीस ठेवा, म्हणजे वरची खडी कोरडी राहते, शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. पाइपच्या डोक्यावर दीड-एक इंचाचा रिड्यूसर तोंड वर करून बसवा. पाणी त्यात नरसाळ्यासारखं एकदम घुसतं आणि सायफन लवकर धरतो. त्यावर ९० मिलिमीटरचा, वरून बूच बसवलेला पाइप घंटेसारखा पालथा घाला. त्याच्या खालच्या कडेला दीड-दोन सेंटिमीटर उंचीच्या खाचा पाडा. बूच आणि आतल्या पाइपचं तोंड यांत बोटभर जागा असू द्या. या सगळ्याभोवती ११० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पाइप उभा करा, म्हणजे खडी आत शिरणार नाही आणि घंटा कधीही उचलून साफ करता येईल. टाकीत उतरणाऱ्या पाइपला एक एल्बो द्या, पण त्याचं तोंड पाण्यात बुडवू नका.

आता पंप लावून नुसत्या पाण्यावर चाचणी घ्या. पाणी चढतं, पाइपच्या तोंडाशी येतं, थोडा वेळ बारीक धार लागते, मग खळकन आवाज होऊन जोरात ओढ सुरू होते. तळाशी आल्यावर खाचांतून हवा आत जाते, घशात गुळणी केल्यासारखा आवाज येतो आणि ओढ तुटते. नुसती बारीक धारच चालू राहिली तर पंपाचं पाणी कमी पडतंय. ओढ तुटतच नसेल तर पाणी जास्त येतंय, पंपाच्या पाइपवरचा कॉक थोडा बंद करा. त्यानंही भागलं नाही तर खाचा वाढवा. बूच मात्र हवाबंद हवं, तिथं केसाएवढी चीर असली तरी सायफन धरत नाही.

खडीने भरलेल्या वाफ्यात सुमारे १२० लिटर पाणी मावतं. ताशी सहाशे लिटर पाणी वर पोचत असेल तर वाफा बारा मिनिटांत भरतो आणि पाच एक मिनिटांत रिकामा होतो. टाकीची पातळी प्रत्येक फेरीत चार-सव्वाचार इंच खालीवर होईल, हे धरूनच पंप तळाशी ठेवा.

ही खटपट नको असेल तर टायमर लावा. पंधरा मिनिटं पंप चालू, पंचेचाळीस मिनिटं बंद. उभ्या पाइपला तळाशी छोटी भोकं पाडली की बंद काळात वाफा आपोआप रिता होतो. सायफनची मजा त्यात नाही, पण गावाला जाऊन चार दिवस निर्धास्त राहायचं असेल तर मी टायमरच सुचवेन.

पंप निवडताना डब्यावरचा मोठा आकडा पाहू नका. तो आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढल्यावर ताशी किती लिटर येतं ते विचारा. कूलरचा पंप स्वस्त पडतो खरा, पण चोवीस तास चालायला तो केलेला नसतो. चाळीस वॉटचा पंप अखंड चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट जातात. आणि पाणी, वीज, ओले हात एकत्र येणार आहेत, तेव्हा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय प्लग लावायचा नाही. इथं काटकसर नको.

जिवाणू पाळणे

नळाचं पाणी भरलं असेल तर एक दिवस पंप चालू ठेवून क्लोरीन उडू द्या. मग जिवाणूंना खायला अमोनिया हवा. घरात युरियाचं पोतं असतंच, मूठभर टाकू असं कुणीही म्हणेल. टाकू नका. २०१५ पासून देशात युरिया सरसकट कडुनिंबाचं लेपन करून येतो, आणि ते लेपन नेमकं याच जिवाणूंचं काम मंदावण्यासाठी असतं. शेतात तो फायदा आहे, इथं तोटा. त्याऐवजी माशांचं खाद्य मूठभर फडक्यात बांधून टाकीत कुजत ठेवा. वास येईल, घरच्यांना आधी सांगून ठेवा. ओळखीत कुणाकडं जुनं, निरोगी मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा. जिवाणूंचं विरजण लागलं म्हणून समजा.

मत्स्यालयाच्या दुकानातून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू तपासायची थेंबांची किट आणा. दर दोन दिवसांनी तपासून वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल. मग तो उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. हा टप्पा सगळ्यात लांबतो आणि माणसाचा धीर इथंच सुटतो. शेवटी नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागेल. पाणी २५ ते ३० अंशांवर असेल तर तीन ते सहा आठवडे धरा, साताऱ्याकडच्या थंडीत जास्त. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आणि नायट्रेट स्पष्ट, अशी ओळ वहीत सलग काही दिवस आली की मासे आणायला मोकळे. थोडी रोपं याच काळात लावून टाका.

सामू आणि आपलं बोअरचं पाणी

सामू ६.८ ते ७.२ मध्ये राहिला तर मासे, जिवाणू आणि झाडं तिघांचंही जमतं. विश्रामबाग असो की जत, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, सामू आठच्या पुढं. त्यात दोन धोके. एक, २८ अंशांच्या पाण्यात सामू सातचा आठ झाला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दसपट होतो. दोन, लोह झाडाला मिळेनासं होतं. पालकाचं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची कमतरता ओळखा.

सामू खाली आणायला लिंबू पिळू नका, सायट्रिक आम्ल जिवाणूंना मारतं. पन्हाळीचं पावसाचं पाणी साठवून निम्मं-निम्मं मिसळणं हा सरळ मार्ग. शिवाय जिवाणू स्वतःच पाण्यातला क्षार खातात, त्यामुळं सुरू झालेल्या संचाचा सामू महिन्यामहिन्याला उतरतच जातो. उलट तो ६.५ च्या खाली घसरला तर वर आणावा लागतो. तासगावच्या बेदाणेवाल्यांकडं द्राक्षं बुडवायला पोटॅशियम कार्बोनेट असतं, तेच इथं चालतं. मात्र शुद्ध, डिपिंग ऑइल न मिसळलेलं हवं. चमचाभर बादलीत विरघळवून हळूहळू ओता, दुसऱ्या दिवशी तपासा. पुढच्या खेपेला चुन्याची निवळी वापरा, म्हणजे पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम दोन्ही आलटून पालटून मिळतात. एका दिवसात सामू अर्ध्यानंसुद्धा हलवू नका.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) उपयोगाचा नाही, तो लगेच तळाशी बसतो. द्राक्षबागायतदार वापरतात ते ईडीडीएचए चिलेटेड लोह कृषी सेवा केंद्रात मागा. सहा टक्क्यांचं असेल तर आठशे लिटरला २५ ते २७ ग्रॅम पुरतं. पाणी लाल होईल, घाबरू नका. तीनेक आठवड्यांनी पानं बघून पुन्हा.

मासे किती आणि कोणते

हिशेब वाफ्याकडून करा. एक चौरस मीटर पालेभाजीला रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य, असं प्रमाण धरतात. आपला वाफा सव्वा चौरस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे रोज ५० ते ६० ग्रॅम. वाढलेला मासा वजनाच्या दोन टक्के खातो, त्यामुळं पूर्ण भरात आलेल्या संचात एकूण तीन किलो मासे पुरे. दोनशे ग्रॅमचे पंधरा. मर धरून वीस बोटुकली आणा. पन्नास आणायचा मोह इथंच मोडतो.

याची दुसरी बाजूही बघा. दहा ग्रॅमची वीस बोटुकली वजनाच्या पाच टक्के, म्हणजे दिवसाला दहाच ग्रॅम खातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाफ्याचा एक कोपराच नीट पिकेल. टोमॅटो, वांगी नंतर.

जात म्हणाल तर पूरपट्ट्याबाहेरच्या नवख्यानं सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, घ्यावा; हाही मूळचा परदेशीच. काटक, थंडी सोसणारा, साताऱ्याकडच्या हिवाळ्यातही टिकतो. खायचे नसतील तर कोई, तो याच सायप्रिनसचा रंगीत भाऊबंद. पंगस वाढतो झपाट्यानं, पण थंडीत आजारी पडतो आणि दचकला की टाकीवर आपटतो. रोहू-कटल्याला तळ्याची मोकळीक लागते. चिलापी या कामाला जगभर वापरतात, मात्र आपल्याकडं ती पाळायला परवानगी लागते, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. आफ्रिकन मांगूरवर देशभर बंदी आहे, कुणी "लई भारी वाढतोय" म्हणून देऊ केला तरी घ्यायचा नाही.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत मिसळून सोडा. पहिला दिवस उपास. मग २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं जाळीनं काढा. टाकीवर जाळी हवी, खंड्या आणि मांजर दोघंही वाट बघत असतात. घरात लहान मूल असेल तर घट्ट बसणारं झाकणच करा.

काय लावायचं, काय नाही

पालक, चुका, अंबाडी, पुदिना, तुळस, लेट्यूस झकास. पुदिना सायफनपासून लांब, त्याची मुळं थेट पाइपात घुसतात. अळू येतं इतकं की वाफा खाऊन टाकतं, त्याला वेगळं टब द्या. मुळा, गाजर खडीत वेडंवाकडं होतं. हळद सांगलीची असली तरी खडीतली नव्हे.

वाफ्यात मूठभर गांडुळं सोडा, माशांची घट्ट विष्ठा ती फोडतात. पण जीवामृत, गोमूत्र, शेणाची स्लरी टाकीत ओतू नका. पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि कच्ची खायची पानं त्याच पाण्यावर वाढत असतात.

किडीला पिवळे चिकट सापळे आणि हातानं वेचणं. मोरचूद, बोर्डो, कोणतंही कीटकनाशक नाही, आणि निंबोळी अर्कसुद्धा माशांच्या संचात नाही. बागेत वापरलेला फवारणी पंप धुऊनही इकडं आणू नका. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या दिवशी टाकी आणि वाफा दोन्ही झाका.

वर्षभर

एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांचं शेडनेट ताणा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमका त्याच दिवसांत वळवाचा पाऊस येऊन वीज तासन् तास जाते. बॅटरीवरचा हवेचा पंप तयार ठेवा, त्या दिवशी खाद्य बंद. खडी ओली राहील तोवर जिवाणूंना काही होत नाही. पावसाळ्यात टाकीला वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं भोक आणि त्यावर जाळी हवी. फार पाऊस पडला की सामू तपासा, पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यानं तो एकदम उतरतो. डिसेंबरात मासे कमी खातात, तेव्हा खाद्य कमी आणि वाफ्यातली दाटीही कमी.

मासे काढायची वेळ आली की सगळे एकदम काढू नका. काढायच्या आदल्या दिवशी उपास ठेवा, तीन-चार काढा, आणि त्याच आठवड्यात तेवढी नवी बोटुकली आणून वेगळ्या टबात आठ-दहा दिवस ठेवून, रोग नाही हे बघून, मग टाकीत सोडा. टाकी एकदम रिकामी केली तर जिवाणू उपाशी मरतात, आणि कुजक्या खाद्याच्या फडक्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.